शब्दचर्चा: डिजिटल गेम 'विकत घेतला' म्हणावं का?

मी मराठीत गेमिंगबद्दल लिहितो आणि एका शब्दापाशी दरवेळी अडतो. ऑनलाइन दुकानात पैसे भरून गेम लायब्ररीत आला की आपण सरसकट 'विकत घेतला' म्हणतो. पण ऑक्टोबर २०२४ पासून स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या ऑनलाइन गेमच्या दुकानात, पैसे भरायच्या पानावरच एक सूचना दिसायला लागलीये की या पैशांत तुम्हाला त्या गेमचं लायसन्स मिळतंय. मग मराठीत काय लिहायचं? 'परवाना घेतला' लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही, 'भाड्याने घेतला' लिहिलं तर लोक म्हणतात पूर्ण किंमत मोजलीये, भाडं कसलं. जाणकारांनी सांगावं.

*

छान विषय काढलात. आधी 'घेणे' आणि 'विकत घेणे' वेगळे करू, कारण सगळा घोळ त्या 'विकत'मध्ये आहे. 'घेणे' हे आपल्याकडचं फार सैल क्रियापद आहे, आपण सुट्टी घेतो, शपथ घेतो, झोप घेतो, भाड्यानेही खोली घेतो, त्यामुळे 'गेम घेतला' हे कुठल्याच अर्थाने चूक नाही, बिनधास्त वापरा. पण 'विकत' आलं की समोर कुणीतरी विकणारा आला आणि त्याने ती वस्तू विकली असं मानावं लागतं. इथे विकणारा आपल्या करारात स्वच्छ लिहितो की आम्ही काही विकलेलं नाही, वापरायला दिलंय. म्हणजे एका बाजूला लाखो लोकांनी गेम विकत घेतलाय आणि दुसऱ्या बाजूला तो कुणी विकलेलाच नाही, असं वाक्य मराठीत बसत नाही हो.

आणि हा नुसता व्याकरणाचा मुद्दा नाहीये. युबिसॉफ्टचा 'द क्रू' नावाचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आठवा, २०१४ सालचा. एकट्याने खेळायची भलीमोठी कथा होती त्यात, पण ती खेळायलाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं असावं लागायचं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी तो दुकानातून काढला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले, आणि त्यानंतर ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या खात्यातून त्याचं लायसन्सही काढून घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी डिस्क आणली होती त्यांच्या हातातही आता नुसती चकती उरली. मराठीत विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याने परस्पर उचलून नेली तर त्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

याच लेखनात अजून एक चूक दिसते ती इथेच सांगतो. बातम्यांत 'गेम बंद पडला' असं लिहितात. मशीन बंद पडतं, गाडी बंद पडते, आपोआप, कुणाचा हात न लागता. 'द क्रू' बंद पडला नाही, तो बंद केला. मराठी क्रियापदांत कर्ता दाखवायची एवढी सोय असताना तो लपवू नये असं मला फार वाटतं.

*

पण मला एक कळत नाही, पूर्वीच्या डिस्कवर किंवा कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये घालायची गेमची डबी) तरी आपली मालकी कुठे होती? तिथेही मागे बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असायचं की सॉफ्टवेअर लायसन्सवर आहे. मग आत्ताच हा आरडाओरडा का? कायद्याने फरक शून्य आहे.

*

फरक आहे आणि तो दाखवायला मराठीत एक चांगला शब्द तयार आहे: प्रत. मूळ कृतीचा हक्क एक आणि प्रतीची मालकी वेगळी. पुस्तक आणलं म्हणून मी काही लेखक होत नाही, ते छापून विकायचा अधिकार मला मिळत नाही, पण ती एक प्रत माझी असते, मी ती रद्दीत घालीन नाहीतर मित्राला देईन. अमेरिकेत १९०८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच वाद आला होता, प्रकाशकाने पुस्तकातच छापलं होतं की एक डॉलरपेक्षा कमी किमतीत हे विकलं तर हक्कभंग समजू. कोर्टाने ते मान्य केलं नाही, एकदा प्रत विकल्यावर तिचं पुढे कितीला काय होतं यावर कॉपीराइटच्या जोरावर ताबा ठेवता येणार नाही म्हणाले. कार्ट्रिजचं हेच होतं, बारीक अक्षरात काहीही असो, ते कपाटात होतं, जुनं म्हणून विकता येत होतं, आणि ज्याने बनवलं ती कंपनी बुडाली तरी चालत होतं. डिजिटलमध्ये ही प्रतच गायब झाली. फाइल आपल्या डिस्कवर असते खरी पण ती उघडायची की नाही हे दुसरीकडचा सर्व्हर ठरवतो.

युरोपात तर यावर चक्क शब्दावरून खटला झाला. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये डाउनलोड केलेल्या सॉफ्टवेअरबद्दल म्हटलं की एकरकमी पैसे घेऊन कायमचं लायसन्स दिलंत तर ती विक्रीच, त्यामुळे घेणारा ते पुढे विकू शकतो. हे धरून फ्रान्समधल्या ग्राहक संघटनेने व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं. व्हॉल्व्हचं म्हणणं, आमच्याकडे 'सबस्क्रिप्शन' असतं, विक्री नाही. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने ते फेटाळलं, मुदत नाही आणि एकदाच पैसे घेताय तर नाव काहीही द्या, ही खरेदीच आहे. पण २०२२ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवर तोच फिरवलेला निकाल कायम झाला. कारण असं की गेम हा नुसता प्रोग्राम नाही, त्यात चित्रं, संगीत, कथा असं पुष्कळ असतं, म्हणून सॉफ्टवेअरचा नियम त्याला लावायचा नाही. मला हा निकाल पटत नाही, जेवढा कष्टाने बनवलेला गेम तेवढा घेणाऱ्याचा हक्क कमी, असा त्याचा अर्थ होतो. पण आज तिथली परिस्थिती ती आहे.

*

मग सरळ 'भाड्याने' म्हणा ना. पैसे दिले, काही काळ वापरलं, मालकाने परत घेतलं. 'भाडं' सगळ्यांना कळतं.

*

'भाडं' मला चालत नाही. भाड्यात दोन्ही बाजूंना मुदत माहीत असते आणि रक्कमही त्या मानाने असते. इथे मुदत सांगतच नाहीत, उद्या असेल, वीस वर्षं असेल, आणि रक्कम मात्र पूर्ण खरेदीची. म्हणजे भाडेकरूला जे मिळतं तेवढंही इथे मिळत नाही. भाडं म्हणून आपण उगाच त्या व्यवहाराला जरा जास्त प्रामाणिक ठरवतो.

जिथे दर महिन्याला पैसे देऊन शे-दोनशे गेम खेळायला मिळतात, गेम पास वगैरे, तिथे आपला जुना 'वर्गणी' शब्द अगदी फिट बसतो. वर्गणी थांबली की खेळ थांबला, कुणाची फसवणूक नाही, सगळं आधीच माहीत आहे. २०२४ च्या सुरुवातीला युबिसॉफ्टच्या वर्गणी विभागाचे प्रमुख फिलिप ट्रेम्ब्ले एका मुलाखतीत अशा अर्थाचं बोलले होते की लोकांना गेमची मालकी नसण्याची सवय व्हायला हवी, आणि त्यावर खूप संताप झाला. वर्गणीला वर्गणी म्हटलं तर माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती वर्गणीच्या अटी आणि खरेदीचं बटण अशी जोडणी करण्याला.

*

कॅलिफोर्नियाने त्या बटणावरच कायदा केलाय की. सप्टेंबर २०२४ मध्ये सही झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू. डिजिटल मालासाठी 'खरेदी करा' असे शब्द वापरायचे तर हे लायसन्स आहे हे ग्राहकाला ठळक सांगावं लागतं. स्टीमची ती सूचना या कायद्याच्या सुमारासच आली. आणि जे कायमचं डाउनलोड करून ठेवता येतं, नेट नसलं तरी चालतं, त्याला या कायद्यातून सूट आहे. म्हणजे कायद्यानेच दोन प्रकार मानले.

*

हो, आणि ती सूट फार महत्त्वाची आहे शब्दाच्या दृष्टीनेही. जीओजी नावाचं दुकान २००८ पासून आहे, तिथे गेमचा इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो, त्याला कुलूप नाही. कागदोपत्री तेही लायसन्सच, पुन्हा विकायची मुभा तिथेही नाही, पण फाइल हातात आहे, दुकान उद्या बंद झालं तरी ती चालेल. याला मी 'ताबा' म्हणेन. मालकी पूर्ण नाही पण ताबा आहे. मराठीत मालकी, ताबा, वहिवाट हे आपण जमिनीच्या बाबतीत किती नेमके वेगळे करतो बघा, ज्याची मालकी त्याचा ताबा असेलच असं नाही हे आपल्या भाषेला नीट माहीत आहे. तीच नेमकेपणाची सवय इथे आणायला काय हरकत आहे?

ताब्याचं अजून एक उदाहरण म्हणजे 'पी.टी.', २०१४ मध्ये प्लेस्टेशन ४ वर फुकट दिलेला भयपट छापाचा छोटा नमुना गेम. २०१५ मध्ये तो दुकानातून काढला. ज्यांच्या कन्सोलवर तो उतरवलेला होता त्यांच्याकडे तो राहिला, चुकून डिलीट केला की गेला.

*

निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलवरच्या गेम-की कार्डांचं काय करायचं? दुकानातून डबा आणला, आत कार्ड आहे, पण कार्डावर गेम नाही, नुसती चावी. गेम नेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड घालून ठेवायचं. याला विकत घेतला म्हणू का नको?

*

कार्ड विकत घेतलं म्हणा, ते शंभर टक्के खरं आहे, ते दुसऱ्याला देता येतं, विकताही येतं, डाउनलोडपेक्षा तेवढ्यापुरतं बरंच. पण गेम येणार त्यांच्या सर्व्हरवरून, तो जोपर्यंत द्यायचा तोपर्यंत. निन्टेंडोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये. आधी घेतलेले गेम त्यानंतरही उतरवता येत होते, पण ही सोय किती वर्षं ठेवायची हे कंपनीच ठरवते. आपल्याकडे 'चावी कार्ड' असा साधा शब्द रूढ केला तर डब्यात काय आहे हे घेणाऱ्याला दुकानातच कळेल.

*

मी जरा उशिरा आलोय पण मूळ प्रश्नाला एक शब्द सुचवतो. वर कुणीतरी सहज वापरलाय: मुभा. 'परवाना' सरकारी वाटतो, बंदुकीचा, दुकानाचा, आणि तो रद्द करायलासुद्धा काहीतरी पद्धत असते, नोटीस असते. काही जण 'वापरहक्क' लिहितात पण हक्क म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीवर नसतो तो हक्क. मुभा मात्र देणाऱ्याच्या मर्जीवरच असते. दिली तर दिली, काढली तर काढली. 'खेळायची मुभा घेतली.'

*

वा, हा शब्द मला एकदम पटला. आणि मुभेत अजून एक गोष्ट आपोआप येते, ती दुसऱ्याला देता येत नाही. मला मुभा आहे म्हणून माझ्या मुलाला आहे असं होत नाही. स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणजे आयुष्यभर जमवलेली लायब्ररी वारसाला देण्याची सोय नाही. 'वारसा' शब्दच तिथे गळून पडतो.

मला सगळ्यात जास्त हे जाळतं. गेम हेही आपल्या काळाचं काम आहे, शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं बसून केलेलं. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम जतन करणाऱ्या संस्थेने अभ्यास केला, त्यात २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठेच रीतसर मिळत नाहीत असं निघालं. संशोधकांना असे गेम वाचनालयांकडून, तिथे न जाता, दूर बसून अभ्यासता यावेत म्हणून कॉपीराइट कायद्यातून सूट मागितली होती, अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. विकत मिळत नाही आणि वाचनालयातूनही पोचत नाही, मग ते जतन कोण करणार?

म्हणून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही जी मोहीम यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी २०२४ मध्ये 'द क्रू'नंतर सुरू केली तिचं मला कौतुक आहे. त्यांची मागणी लोक चुकीची सांगतात, सर्व्हर कायम चालू ठेवा असं ते म्हणत नाहीत. बंद करताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. युरोपात त्यावर १० लाखांच्या वर सह्या जमल्या. हे अशक्य नाही, युबिसॉफ्टनेच नंतर 'द क्रू २'ला ऑफलाइन चालायची सोय दिली.

*

पैसे परत दिले तर? नेटवरून गेम खेळायची गूगलची स्टेडिया ही सेवा जानेवारी २०२३ मध्ये बंद केली तेव्हा गेमचे पैसे परत दिले होते. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा गेम २०२४ मध्ये दोन आठवड्यांत काढला, त्याचेही दिले.

*

दिले ते चांगलंच केलं, पण ते सौजन्य होतं. खरेदीत पैसे परत मिळणं हा शेवट नसतो, वस्तू राहणं हा असतो.

*

मूळ प्रश्नकर्ता: सगळ्यांचे आभार. म्हणजे बोलताना 'घेतला', लेखात 'मुभा', जिथे फाइल हातात राहते तिथे 'ताबा', महिन्याच्या पैशांना 'वर्गणी', आणि 'बंद पडला' कधीच नाही. एकच राहिलं, '१० लाख प्रती विकल्या गेल्या' याचं काय? कंपन्यांच्या घोषणा अशाच येतात आणि मी तशाच छापत आलोय.

*

डिस्क आणि कार्ट्रिजच्या आकड्याला 'प्रती विकल्या' ठेवा. डाउनलोडला '१० लाख लोकांनी पैसे भरले' लिहा.