मुसकं आणि मुसक्या एकच का?

पेपरात कायम वाचतो, पोलिसांनी टोळीच्या मुसक्या आवळल्या. आणि बैलाच्या तोंडाला बांधतात ते मुसकं. पण चोर पकडला तर त्याचं तोंड कशाला बांधतील, त्याला बोलतं करायचं असतं ना? दोन्ही शब्द एकाच मुळातले आहेत का, कोणाला माहितीये?

कोळपंवाला:
मुळाचं जाणकार सांगतील, मी वस्तूचं सांगतो. मुसकं म्हणजे दोरीची विणलेली जाळी, बैलाच्या तोंडावर चढवायची आणि दोरी शिंगामागं बांधायची. कोळपणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायला, बैल उभ्या पिकातून चालतात, कपाशी तुरीचे शेंडे ओरबाडत जातात, म्हणून लागतं. पूर्वी खळ्यावर पात धरली, म्हणजे कणसं तुडवायला बैल ओळीनं जुंपून गोल फिरवले, की मळणीलापण घालायचे, आता मळणीयंत्रामुळं खळीच गेली. आजकाल बाजारात नायलॉनची तयार मिळतात पण घेताना जाळी मोकळी बघून घ्या, उन्हात काम करताना बैलाला दम लागतो, बारीक जाळीत त्याचे हाल होतात.

शब्दवेडी:
मुसक्यांचा तोंडाशी संबंध नाही. हिंदी-उर्दूत मुश्कें कसना, मुश्कें बाँधना म्हणतात, तिथे मुश्क म्हणजे खांदा ते कोपर, आपला दंड. हात पाठीमागे घेऊन दंड करकचून बांधले की मुसक्या आवळल्या. म्हणूनच बहुतेक आपणही मुसक्या असं अनेकवचनीच बोलतो, हात दोन असतात. मुसकटदाबी मात्र तोंडाचीच, कारण मुसकट म्हणजे तोंड, मुसकटात मारली म्हणतो तेच.

माळावरचा:
खूप छान माहिती. अजून एक, बातम्यांत वेसण, लगाम, पायबंद सगळं एकाच अर्थानं वापरतात ते खटकतं. वेसण टोचलेल्या नाकातून जाते, कासरा तिलाच बांधलेला, ओढला की नाक दुखतं म्हणून बैल वळतो. लगाम फारसीतून आलेला, तो घोड्याचा. पायबंदही फारसी, जनावराचे पाय बांधायची दोरी. म्हणजे वेसण घातलेलं जनावर काम करतं, पायबंद घातलेलं जागेवर थांबतं, मग महागाईला वेसण आणि चोऱ्यांना पायबंद हेच बरोबर! आणि लोढणं तर त्याहून वेगळं, ओढाळ गुराच्या गळ्यात ओंडका अडकवायचा, पळायला लागलं की तो पायात येतो.

प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे आभार. मग मुसक्या बांधल्या हेपण चालेल ना?

शब्दवेडी:
हो, दोन्ही चालतं.