त्याच जागी पुन्हा फोड: हर्पिसच की आणखी काही?

घणसोलीकर: महाप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. लिंगाच्या टोकाला एकच गोल लाल चट्टा उठतो, मधे फोड, आग होते, काही दिवसांनी सुकतो. पुन्हा येतो तो तिथेच. लॅबमध्ये हर्पिसच्या विषाणूची रक्ततपासणी (एचएसव्ही-१ आयजीजी) पॉझिटिव्ह आली. लग्नानंतर माझ्या आयुष्यात दुसरं कुणी नाही, तरी बायको बोलत नाहीये. काय करू?

ऐरोली सेक्टर ८: नागीण असेल. गेरूचा लेप लावा.

नौपाड्याची फार्मासिस्ट: गेरू लावू नका. नागिणीचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो आणि सहसा परत येत नाही.

दादा, त्या रिपोर्टवरून घर मोडू नका. जगात ५० वर्षांखालच्या दर ३ माणसांत जवळपास २ जणांना एचएसव्ही-१ असतो, बहुतेकांना लहानपणीच तोंडावाटे लागलेला. हा चट्टा कशाचा, ते त्यावरून ठरत नाही. आणि हर्पिसच निघाला तरी तो वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, म्हणजे बाहेरख्यालीचा पुरावा नव्हे. हे वहिनींनाही वाचू द्या.

हर्पिसमध्ये आधी मुंग्या येतात, मग बारीक पाणीदार पुटकुळ्यांचा झुबका. तुमचा एकच गोल चट्टा आहे, म्हणून विचारते: तो उठण्याआधी कुठली गोळी घेतली होती? जुलाबावरची ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, एखादी वेदनाशामक? काहींना ठरावीक औषधानं दर वेळी त्याच जागी चट्टा येतो, बहुधा काही तासांतच, आणि मागे काळपट डाग राहतो. काउंटरवर हे आम्हाला कुणी सांगतच नाही, कारण गोळीचा आणि तिथल्या फोडाचा संबंध कुणाच्या मनातही येत नाही. खात्रीसाठी ती गोळी पुन्हा घेऊन बघू नका, पुढची रिअ‍ॅक्शन जास्त मोठी येऊ शकते. व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणीही करून घ्या. सिफिलिसचा व्रण बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळे राहून जातो.

घणसोलीकर: ताई, कँटीनचं बाधलं की मी तीच जुलाबाची गोळी घेतो! डाग काळा आहे खरा. बायकोनं वाचलं, ती बरोबर येतेय. फोड नसताना स्वॅब घेता येईल का?

नौपाड्याची फार्मासिस्ट: सुकलेल्या डागातून काही मिळणार नाही. पीसीआरचा, म्हणजे विषाणू शोधणाऱ्या तपासणीचा, स्वॅब ताज्या फोडातूनच घ्यावा लागतो. पण डाग दाखवायला आत्ताच जा, त्वचारोगतज्ज्ञाला रंगावरूनही पुष्कळ कळतं. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्येही (गुप्तरोगांच्या दवाखान्यात) चालेल. गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या.