ग्रनादा: भाडेकरार नावावर नाही, एम्पाद्रोनामिएन्तो कसं करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पुण्याहून एक्स्चेंजवर ग्रनादाला आलेय, दोन्ही सेमिस्टरसाठी. व्हिसा १८० दिवसांच्या वरचा आहे म्हणून स्पेनमध्ये पोचल्यापासून महिन्याभरात टीआयई कार्डाचा (परदेशी नागरिकांचं ओळखपत्र) अर्ज करायचाय आणि त्याला एम्पाद्रोनामिएन्तो, म्हणजे महापालिकेतली पत्त्याची नोंद, जोडायला सगळे सीनियर सांगतायत. घोडं तिथेच अडलंय. खोली फ्लॅटमेटकडून घेतलीय, करार तिच्या एकटीच्या नावावर, घरमालक माझं नाव घालायला साफ नाही म्हणतोय. फ्लॅटमेट चांगली आहे, ती स्वतः त्याच पत्त्यावर नोंदलेली आहे आणि ऑतोरिसासियोनवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही करून तिच्या ओळखपत्राची कॉपी द्यायला तयार आहे. कॉलेजच्या ऑफिसात विचारून झालं, ते म्हणतात महापालिकेत विचारा, आणि तिथल्या सितासाठी (अपॉइंटमेंटसाठी) रोज सकाळी उठून साइट बघतेय, एकदा मिळाली की रिकाम्या हाती परत यायचं नाहीये. पासपोर्ट, व्हिसा, अ‍ॅडमिशन लेटर, इन्शुरन्स सगळं आहे. खोली बदलायचं कृपया सुचवू नका, डिपॉझिट भरलंय.

ग्रनादात कोणी घरमालकाच्या सहीशिवाय, फक्त करार असलेल्या फ्लॅटमेटच्या ऑतोरिसासियोनवर नोंद करून घेतलीय का, आणि सोबत नेमकी कुठली कागदपत्रं मागितली?