मदत हवी आहे: प्रेषितांची कृत्ये २:३८ मधला 'म्हणून' कसा शिकवावा?

जय ख्रिस्त! बाप्तिस्म्याच्या तयारीवर्गासाठी टिपणं करतोय, एका शब्दावर गाडी अडली आहे.

मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) या वचनात 'पापांची क्षमा व्हावी म्हणून' बाप्तिस्मा घ्या, असं आहे. प्रश्न असा की क्षमा बाप्तिस्म्याने मिळते की आधीच मिळालेली असते. मूळ ग्रीक शब्द 'एइस'. काही बाप्टिस्ट अभ्यासक त्याचा अर्थ 'क्षमा मिळाली आहे त्या कारणाने' असा लावतात आणि मत्तय १२:४१ चा दाखला देतात (योनाच्या उपदेशामुळे पश्चात्ताप). मला हे ओढूनताणून वाटतं, कारण मत्तय २६:२८ मध्ये हेच शब्द आहेत आणि तिथे रक्त क्षमेसाठीच ओतलं जातं, क्षमा आधी झाली म्हणून नव्हे.

दुसरा मुद्दा व्याकरणाचा. 'पश्चात्ताप करा' हे द्वितीयपुरुषी अनेकवचन, 'बाप्तिस्मा घ्यावा' हे तृतीयपुरुषी एकवचन, आणि 'तुमच्या पापांची' पुन्हा अनेकवचन. म्हणून क्षमा फक्त पश्चात्तापाशी जोडायची का? मराठीत हा फरक दिसतच नाही.

शिवाय रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी (प्रे. कृत्ये १०:४४-४८) पवित्र आत्मा आधी उतरतो, पाण्याचा बाप्तिस्मा नंतर होतो. बाप्तिस्म्याविना तारण मिळालेल्या वधस्तंभावरच्या चोराचं उदाहरण मुद्दाम टाळतोय, ते पेन्टेकॉस्टच्या (शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या) आधीचं आहे. कॅथलिक बाजू, म्हणजे स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) आवश्यक, पण इच्छेचा बाप्तिस्माही (इच्छा असून घेण्याआधीच मृत्यू आला तरी) मान्य, ही मांडता येते.

ग्रीक जाणणाऱ्यांनी सांगावं: पुरुष-वचनाचा हा युक्तिवाद कितपत टिकतो? आणि १ पेत्र ३:२१ मधला 'एपेरोतेमा' विनंती धरावा की वचन (प्रतिज्ञा)?