सपोर्टची रेघ नेमकी मारायची कुठे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

वर्षभर संध्याकाळी चार्ट घेऊन बसतोय. फक्त कॅश मार्केट, ऑप्शनच्या वाटेला गेलेलो नाही. सपोर्ट (घसरता भाव जिथे थांबतो) आणि रेझिस्टन्स (चढता भाव जिथे अडतो) म्हणजे काय ते कळतं. घोडं अडतं ते रेघ मारताना.

एका शेअरने दोन महिन्यांत तीनदा ४१२ च्या आसपास टेका घेतला होता. मी ४१८ ला ३०० शेअर घेतले, स्टॉपलॉस (भाव तिथे आला की आपोआप विक्री) ४११.५०. दुसऱ्याच दिवशी भाव ४१०.२० ला शिवून आला, माझा माल गेला, आणि शेअर बंद झाला ४२१ ला! पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी चिडून स्टॉपलॉस लावलाच नाही, तर गडी थेट ३८० ला. (हसू नका.)

रेघ कँडलच्या विकच्या (दिवसातला टोकाचा भाव दाखवणारी बारीक काडी) टोकाला मारायची की बॉडीला (उघडला-बंद झाला त्यामधला जाड भाग)? आणि सपोर्ट मोडला असं कधी म्हणायचं?

जाता जाता आणखी एक: वहीत रिलायन्सचा ३००० चा रेझिस्टन्स लिहून ठेवला होता, आता चार्टवर तो १५०० ला दिसतो. हे ऑक्टोबर २०२४ च्या एकास एक बोनसमुळेच (एका शेअरवर एक फुकट, म्हणून भाव अर्धा) ना?

प्रतिसाद १

हो, बोनसमुळेच. चार्ट मागचे भाव आपोआप अर्धे करतो, वही करत नाही. जुन्या नोंदी खोडा.

मूळ प्रश्नाचं म्हणाल तर रेघ मारूच नका, पट्टा आखा. निफ्टीचा जुना मासिक चार्ट उघडा. जानेवारी २००८ मध्ये ६३५७ चा उच्चांक. नोव्हेंबर २०१० मध्ये ६३३८ वरूनच माघार, म्हणजे रेघेला शिवलासुद्धा नाही. डिसेंबर २०१३ मध्ये ६४१५ पर्यंत गेला, रेघ ओलांडली, तरी परत सहा हजारांच्या खाली आला. खरा सुटला मार्च २०१४ मध्ये. एकच रेघ धरून बसलेला माणूस २०१० मध्ये विकायला ६३५७ ची वाट बघत राहिला असता आणि २०१३ मध्ये रेघ मोडली समजून फसला असता. ६३३० ते ६४२० असा पट्टा धरला तर तिन्ही वेळा चित्र एकच दिसतं.

असं का होतं? वर अडकलेली माणसं. खरेदीचा भाव पुन्हा दिसला की "मुद्दल सुटलं, बास" म्हणून विकतात. पण सगळ्यांची खरेदी एकाच रुपयाला झालेली नसते. म्हणून पट्टा.

प्रतिसाद २

तुमचा स्टॉपलॉस होता तिथेच आणखी शेकडो जणांचे असणार. ४१२ सगळ्यांनाच दिसत होता. पट्टा ४०८ ते ४१४ धरा, स्टॉपलॉस ४०४ ला ठेवा आणि शेअर कमी घ्या. आधी साडेसहा रुपयांचा धोका गुणिले ३०० म्हणजे १९५०. आता चौदा रुपयांचा धोका, तर १३९ शेअर. नुकसान झालंच तर तेवढंच. अर्थात सकाळी गॅपने (आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा एकदम) खाली उघडला तर स्टॉपलॉसही ४०४ ला वाचवत नाही, हे धरून चाला.

मोडला की नाही ते मी दिवसाच्या क्लोजिंगवर ठरवतो. विकने पट्ट्याची खोली कळते, क्लोजिंगने निकाल.

आणि तीनदा टेकला म्हणजे पक्का, हे डोक्यातून काढा. दर वेळी तिथले खरेदीदार थोडे थोडे संपतात. चौथ्या-पाचव्या टेक्याला उसळी बारीक होत गेली असेल तर मी लांब राहतो.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. आत्ता चार्ट पुन्हा बघितला. पहिली उसळी ४५० पर्यंत होती, दुसरी ४३८, तिसरी ४२९. हे तेव्हा दिसलंच नव्हतं, मी नुसता खालचा ४१२ मोजत होतो.

आता शेअर ३९५ ला आहे आणि माल अजून माझ्याकडेच आहे. तो माझ्या खरेदीच्या भावाला आला की मीसुद्धा "मुद्दल सुटलं" म्हणणाऱ्यांतलाच ना? की आत्ताच विकू?