महिला बास्केटबॉल संघ: दुसरे मानधन लेडी मॅनेजरला द्यावे की सहायक प्रशिक्षिकेला?

प्रश्न: क्रीडा समिती, बेळगाव

बेळगावातील एका लहान पदवी महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेत शिकवते आणि क्रीडा समितीचे कामही पाहते. आमच्या महिला बास्केटबॉल संघात चौदा मुली आहेत. त्यांपैकी निम्म्याहून अधिक खानापूर तालुक्यातील आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातील गावांतून रोज ये-जा करतात. फिजिकल डायरेक्टर सरांकडे सर्वच खेळांची जबाबदारी असल्यामुळे या एका संघाला ते पुरेसा वेळ देऊ शकत नाहीत. व्यवस्थापनाने यंदा दोन अर्धवेळ मानधने मंजूर केली आहेत. पहिले शहरातील एका अनुभवी प्रशिक्षकांना द्यायचे ठरले असून त्याबद्दल कोणाचाही आक्षेप नाही. दुसऱ्यासाठी मात्र दोन प्रस्ताव आहेत. एक म्हणजे प्रवासात आणि स्पर्धेच्या ठिकाणी मुलींसोबत राहणारी लेडी मॅनेजर नेमावी. दुसरा म्हणजे विद्यापीठ संघातून खेळलेल्या, परंतु प्रशिक्षणाची पदविका नसलेल्या आमच्याच एका माजी विद्यार्थिनीला सहायक प्रशिक्षिका करावे. मॅनेजर तर कोणीही प्राध्यापिका होऊ शकते, असे समितीतील काहींचे म्हणणे आहे. आपला अनुभव काय सांगतो?

उत्तर १: निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक, धारवाड

मॅडम, आपल्या प्रश्नातच उत्तराचा धागा आहे. मॅनेजरचे काम कोणीही प्राध्यापिका करू शकत असेल, तर ते कोणाही प्राध्यापिकेकडे द्यावे आणि मानधन खेळ जाणणाऱ्या व्यक्तीला द्यावे.

बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रथम सहायक प्रशिक्षकाचे स्थान केवळ शोभेचे नाही. सामन्यापूर्वी त्याचे नाव स्कोअरशीटवर, म्हणजे सामन्याच्या अधिकृत गुणनोंद पत्रकावर, नोंदवावे लागते. टाइम-आउट, म्हणजे सूचना देण्यासाठी खेळात घेतलेला छोटा विराम, मागण्याचा अधिकार मुख्य प्रशिक्षक आणि हा सहायक या दोघांनाच असतो. मुख्य प्रशिक्षक काही कारणाने पुढे काम करू शकला नाही, तर त्याची सर्व कर्तव्ये आणि अधिकार सहायकाकडे येतात. सहायकाचे नाव नोंदवलेलेच नसेल, तर ती जबाबदारी कर्णधारावर पडते. दहा मिनिटांच्या चौथ्या सत्रात दोन-तीन गुणांचा फरक असताना, खेळून दमलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने संघही चालवावा, अशी वेळ आणू नये.

पदविका नाही ही उणीव खरी आहे, पण ती भरून काढता येते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था वर्षभराच्या पदविकेखेरीज सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालवते. महाविद्यालयाने नियुक्तीपत्रातच या अभ्यासक्रमासाठी सवलतीची तरतूद करावी. दोघांच्या कामाची विभागणीही पहिल्याच दिवशी कागदावर करून घ्यावी. माझ्या मते मुख्य प्रशिक्षकांनी डावपेच, संघनिवड आणि सामन्यातील बदल पाहावेत. वैयक्तिक कौशल्ये, वॉर्म-अप, हजेरी आणि दुखापतींची वही सहायक प्रशिक्षिकेकडे असावी. अशी विभागणी झाली नाही, तर सहायकाला चेंडू गोळा करण्याखेरीज काम उरत नाही, हे मी अनेक महाविद्यालयांत पाहिले आहे.

उत्तर २: माजी पॉइंट गार्ड, खानापूर

सरांच्या मताशी मी सहमत आहे आणि खेळाडूच्या बाजूने काही सांगू इच्छिते. आमच्या संघाबरोबर प्रत्येक दौऱ्यात लेडी मॅनेजर असत. त्या सज्जन होत्या आणि आमच्या जेवणाखाण्याची मनापासून काळजी घेत. परंतु सलग तीन चुकांनंतर एखादी मुलगी बेंचवर येऊन रडू लागली, की तिच्याशी खेळाच्या भाषेत बोलणे त्यांना शक्य नव्हते, आणि मुख्य प्रशिक्षकांचे डोळे कोर्टवर असत. ती पाच मिनिटे कोणाचीच नसत. सहायक प्रशिक्षिका त्याच पाच मिनिटांसाठी हवी असते. तिने शेजारी बसावे, चूक नेमकी कोठे झाली ते सांगावे आणि पुन्हा मैदानावर उतरण्याइतका धीर द्यावा.

आपल्याकडच्या मुलींची घडण वेगळी आहे, हेही समितीने लक्षात घ्यावे. खेड्यातल्या शाळेत बास्केटबॉलचे कोर्ट क्वचितच असते, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेक जणी कबड्डी किंवा खो-खो खेळून महाविद्यालयात येतात. चपळाई, दम आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूला न घाबरणे हे सारे आधीच अंगात असते. नसते ते चेंडूवरचे हात. अशा मुलीला पहिल्याच महिन्यात झोन डिफेन्सच्या (कोर्टवरील जागा वाटून घेऊन करायच्या बचावाच्या) आकृत्या दाखवण्यापेक्षा डाव्या हाताने ड्रिबल (चेंडू टप्पे देत पुढे नेणे), छातीपासून पास आणि दोन पावलांचा ले-अप (बास्केटजवळ जाऊन उडीत चेंडू टाकणे) यांवर रोज वेळ द्यावा लागतो. मुख्य प्रशिक्षकांना सामन्यासाठी बारा जणींचा संघ उभा करायचा असतो, म्हणून हे काम मागे पडते आणि दुसऱ्या वर्षीही त्या मुली केवळ बचावापुरत्या खेळतात. चेंडूही सहा क्रमांकाचाच द्यावा. मुलांचे सात क्रमांकाचे जुने चेंडू मुलींकडे सरकवण्याची पद्धत अजून चालू असेल, तर ती आधी बंद व्हावी.

भाषेचाही विचार व्हावा. मुख्य प्रशिक्षक कन्नड बोलणारे असतील आणि निम्म्या मुली मराठी माध्यमातून आल्या असतील, तर टाइम-आउटच्या एका मिनिटात अर्ध्या संघाला अर्धीच सूचना कळते. आपली माजी विद्यार्थिनी दोन्ही भाषा बोलत असेल, तर तिची ही पात्रता कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेली सापडणार नाही. बचावाच्या आणि आक्रमणाच्या खुणा मात्र बोटांनीच ठरवाव्यात.

उत्तर ३: फिजिओथेरपिस्ट, टिळकवाडी

माझा मुद्दा गुडघ्यांचा आहे. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता एकदम दिशा बदलताना गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण पुरुष खेळाडूंपेक्षा महिला खेळाडूंमध्ये कितीतरी पटींनी जास्त असते. उतरताना गुडघे आत वळू न देणे, मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंची ताकद वाढवणे, एका पायावर तोल सांभाळणे, या व्यायामांनी हा धोका बराच कमी होतो. मात्र ते पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा आणि संपूर्ण हंगामभर करावे लागतात. लहान महाविद्यालयाला स्वतंत्र फिजिओ परवडणार नाही. सहायक प्रशिक्षिकेने हे व्यायाम एकदा नीट शिकून घेतले, तर वॉर्म-अपमध्येच ते बसतात.

रक्तक्षयाकडेही लक्ष असावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. जी मुलगी तिसऱ्या सत्रात धापा टाकते, ती आळशी आहे असे समजण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. मासिक पाळी, चक्कर किंवा गुडघ्याची जुनी कळ या गोष्टी मुली पुरुष प्रशिक्षकांना सहसा सांगत नाहीत. त्या जिला सांगतील, तिच्या शब्दावर खेळाडूला त्या दिवशी विश्रांती मिळाली पाहिजे. तो अधिकार मॅनेजरच्या हाती राहत नाही.

उत्तर ४: एक पालक, चंदगड तालुका

माझी मुलगी बेळगावात शिकते आणि खेळते. कर्नाटकच्या शक्ती योजनेत राज्याच्या रहिवासी महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत आहे, परंतु आम्ही महाराष्ट्रात राहत असल्यामुळे तिला ती सवलत नाही. म्हणून संघाच्या प्रवासखर्चाचा हिशेब सर्व मुलींसाठी एकसारखा धरू नये, एवढी विनंती आहे. सराव कितीही महत्त्वाचा असला, तरी संध्याकाळची गावाकडची बस मिळेल अशा वेळीच तो संपावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसरे मानधन सहायक प्रशिक्षिकेलाच द्यावे, असा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवत आहे. स्कोअरशीटवर तिचे नाव, कामाची लेखी विभागणी आणि आजारी किंवा दुखापतग्रस्त खेळाडूला खेळण्यापासून थांबवण्याचा अधिकार, या तीन गोष्टी नियुक्तीपत्रातच असतील. प्रवासासाठी प्राध्यापिकांची पाळी लावता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असतेच. तिच्या सदस्यांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक हंगाम सुरू होण्यापूर्वीच मुलींना व पालकांना दिले जातील. चंदगडच्या मुलींचा बसखर्च स्वतंत्र नोंदवण्याबाबत लेखा विभागाशी उद्याच बोलते. धारवाडच्या सरांना एक विनंती आहे: कामाच्या विभागणीचा एखादा जुना मसुदा आपल्याजवळ असल्यास कृपया येथे द्यावा, कारण आमची बैठक याच आठवड्यात आहे.