आइनो नावाचा अर्थ काय? आणि बुडालेल्या मुलीचं नाव लोक लेकीला का ठेवतात?

एस्पोकर:
आमच्या टीममधल्या मुलीचं नाव आइनो. परवा जेवताना अर्थ विचारला तर म्हणाली 'एकुलती एक', आणि लगेच हसत म्हणाली की ही कालेवाला या फिनलंडच्या महाकाव्यातली, नवरा नको म्हणून पाण्यात गेलेली मुलगी. मी गारच! आपल्याकडे असं नाव कोणी ठेवेल का? जुनंच नाव आहे ना हे?

जुनी_वही:
जुनं वाटतं, पण नाव म्हणून फार जुनं नाही. लोकगीतांत 'आइनो' हे विशेषण, म्हणजे एकुलती एक लेक, एकुलती एक बहीण वगैरे, आणि त्या गीतातल्या पोरीचं नाव बऱ्याचदा आन्नी असायचं. एलियास ल्योनरोटने गाणी गोळा करून कालेवाला रचलं (पहिली आवृत्ती १८३५, मोठी १८४९) तेव्हा त्या विशेषणाचंच विशेषनाम केलं. म्हणजे आपल्या ओवीतल्या 'एकुलती लेक' मधलं 'एकुलती' उचलून कुणी बारशाला ठेवावं तसं. मूळ गाण्यात ती गळफास घेते, बुडणं १८४९ च्या आवृत्तीत आलं.

एस्पोकर:
अरे बापरे. पण कशासाठी?

सासुरवाशीण:
भावापायी! योउकाहाइनेन गाण्याच्या चढाओढीत म्हाताऱ्या जादूगार गायक व्हाइनामोइनेनकडून हरतो, म्हातारा त्याला गाऊन गाऊन दलदलीत रुतवतो, मग जीव वाचवायला हा बहीण देऊन मोकळा. आणि आई खूश, एवढा मोठा जावई म्हणून. पोरगी रडतेय आणि आई म्हणते नटून ये. ती गेल्यावर मात्र आई इतकी रडते की आसवांच्या तीन नद्या होतात, आणि म्हणते आयांनो, लेकीला मनाविरुद्ध देऊ नका गं. माझी आजी हे जात्यावर बसून सहज म्हणाली असती. नंतर म्हाताऱ्याच्या गळाला मासा लागतो, कापायला जातो तर सटकतो आणि पाण्यातून त्याला बोलतो, मीच ती, तुला ओळखता आलं नाही. त्यामुळे मला ती नुसती बिचारी वाटत नाही.

जुनी_वही:
+१. शिवाय तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात, शिकलेल्यांची भाषा स्वीडिश, त्यामुळे पोरांना फिनिश नाव ठेवणं म्हणजे आपण कोण हे सांगणंच होतं. संगीतकार सिबेलियसची बायको आइनो १८७१ ची, तिच्यावरूनच यार्व्हेनपाच्या घराचं नाव आइनोला. आर्किटेक्ट आइनो आल्तो १८९४ ची. आता २००० नंतर नाव परत जोरात आलंय, तुमच्या टीममधली त्याच लाटेतली असेल.

सासुरवाशीण:
हेलसिंकीत आतेनेउम कलासंग्रहालयात चित्रकार गालेन-काल्लेलाचं १८९१ चं तीन भागांचं आइनो चित्र आहे ते बघून या. मधल्या भागात म्हातारा होडीतून हात लांबवतोय आणि ती निसटतेय.

एस्पोकर:
या शनिवारी जातो. १० मेला आइनोचा नामदिन (त्या नावाच्या सगळ्यांचा दिवस) असतो म्हणे, तिला केक न्यावा लागणार.